तांबड्या सोन्याचं इंजेक्शन

किस्से साठायचे तर माणसं रोज एका जागी भेटावी लागतात आणि त्यांच्याकडं करण्यासारखं काही नसावं लागतं. आमच्या विभागात या दोन्ही गोष्टींची चंगळ आहे!

कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन घ्यायला आठवड्यातले पाच दिवस, असं सहा-सात आठवडे यावं लागतं. आमच्याकडं सगळे त्याला 'शेक' म्हणतात. प्रत्यक्ष मशीन चालतं दोन-चार मिनिटं, बाकीचा वेळ बाहेरच्या बाकावर. विट्याचा माणूस जतच्या माणसाला पाऊसपाणी विचारतो, पाचगणीच्या बाई स्ट्रॉबेरीवरचा रोग सांगतात आणि आठवडाभरात त्या बाकाचं गाव होऊन जातं. मी त्या गावची मशीनवाली. माझ्या ओळखपत्रावर टेक्नॉलॉजिस्ट लिहिलंय, पण सगळे 'शिस्टर' म्हणतात. पहिली काही वर्षं मी भांडले. आता ओ देते.

माहेर माझं मेढ्याचं, नोकरी सांगलीत, विश्रामबागला. नवरा जेवताना दवाखान्याचं काही ऐकून घेत नाही, म्हणून हे तुमच्या माथी. यात हसण्यासारखं थोडंच आहे, हे आधीच सांगून ठेवते. आणि जे आहे ते बहुतेक सगळं एकाच माणसाचं आहे. कारण मी सांगतेय त्या वर्षी बाकावर दिनकरबापू होते.

* * *

बापू खानापूर तालुक्यातले, कुस्तीचे निवेदक. आसपासच्या जत्रेत मैदान भरलं की माईक बापूंच्या हातात. पैलवान कुठला, वस्ताद कोण, आज्जा कुणाशी लढला होता, सगळं तोंडपाठ. हलगी थांबली तरी बापू थांबायचे नाहीत.

त्या माणसाच्या जिभेच्या कडेला गाठ आली. तंबाखूची कृपा, दुसरं काय!

आमच्या डॉक्टर मॅडम गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी समोर बसवून सांगितलं, "ऑपरेशन करावं लागेल. अर्ध्याहून जास्त जीभ जाईल. बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही."

बापू म्हणाले, "मग माझं ऱ्हायलं काय?"

शेजारी त्यांची बायको बसली होती, हौसाक्का. अंगानं बारीक, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. ती म्हणाली, "आवं, तुमी ऱ्हाता की!"

भांडण एवढंच होतं. त्याला जीभ हवी होती, तिला तो हवा होता. दोघंही खरी होती, आणि अशा वेळी आमच्यासारख्यांनी कुणाकडं बघायचं हे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत.

मॅडम म्हणाल्या, "मी तुमच्या घरातली असते, तर ऑपरेशन करा म्हटलं असतं."

बापू उठले. हात जोडले. "मॅडम, तुमचं बराबर हाय. पर मी मुका जगनार न्हाई."

* * *

ऑपरेशनला नाहीच म्हणणाऱ्या पेशंटसाठी तेव्हा आमच्याकडं एक छोटी ट्रायल चालू होती. सोन्याचे अतिसूक्ष्म कण इंजेक्शननं थेट गाठीत सोडायचे आणि मग रेडिएशन द्यायचं. सोनं जड असतं, ते किरण जास्त अडवून धरतं आणि ती ताकद आजूबाजूच्या गाठीतच फेकतं. त्यामुळे तेवढ्याच शेकात गाठीला जास्त मार बसावा, अशी कल्पना. बसेलच असं कुणी लिहून देत नव्हतं.

हे पेशंटना समजावायचं काम चौगुले सरांचं. सर आमचे फिजिसिस्ट, म्हणजे शेक किती आणि कुठून द्यायचा याचं गणित मांडणारे. इकडचेच, नांद्र्याच्या बाजूच्या जैन शेतकऱ्याघरचे. माणूस इतका सावध, की बाहेर पाऊस पडतोय का विचारलं तर म्हणतील, "आत्ता तरी पडताना दिसतोय."

सरांनी बाकावरच्या सगळ्यांना गोळा केलं आणि सुरुवात केली, "याला नॅनो कण म्हणतात."

सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. सरांना वाटलं, काय हुशार लोक आहेत आपल्याकडचे!

बापूंच्या शेजारचे एक आजोबा म्हणाले, "हां हां, बाटलीतलं! आमी मारलं की उसावर."

दुसरे म्हणाले, "आमी तर ड्रोननं मारलं."

"मग? फरक?"

"पानं हिरवीगार झाली गड्या. पर वजनाला काय कळलं न्हाई."

मग तिथं नॅनो युरियावर अर्धा तास चर्चा झाली. पोत्यातला बरा का बाटलीतला बरा, यावर बाकाचे दोन तट पडले. सर मधून मधून "हे वेगळं आहे, हे वेगळं आहे" म्हणत होते, पण तोवर विषय उसाच्या पाचटापर्यंत पोचला होता. शेवटी आजोबांनीच सरांच्या पाठीवर हात ठेवला.

"सर, मारा तुमी. पर बरुबर थोडं शेनखतबी असू द्या!"

मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी फर्मान काढलं, विभागात 'नॅनो' हा शब्द पुन्हा उच्चारायचा नाही. तेव्हापासून सगळे 'सोनं' म्हणायला लागलो. त्याचाही ताप पुढं झालाच.

* * *

ट्रायलमध्ये यायचं तर पेशंटची संमती कॅमेऱ्यासमोर घ्यायची. त्याला सगळं कळलंय, त्याच्यावर जबरदस्ती नाही, हे दिसलं पाहिजे आणि ऐकू आलं पाहिजे. पेशंट बहुतेक वेळा खाली मान घालून "व्हय" म्हणतात आणि आम्ही "जरा मोठ्यानं म्हणा" म्हणतो.

बापूंना मी कॅमेऱ्यासमोर बसवलं. छापील मजकूर वाचायला दिला. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद मांडीवर ठेवला.

"पोरी, ह्यात जीवच न्हाई. माझ्या भाषंत सांगू का?"

सर म्हणाले, "आशय तोच असेल तर हरकत नसावी."

बापूंनी घसा खाकरला. त्या गाठीमुळे तेव्हा बोलताना दुखायचं, तरी आवाज असा लागला की बाहेरचा बाक उठून दाराशी आला.

"कुस्तीशौकीन मंडळी, शांत व्हा! आजची कुस्ती सांगली मुक्कामी. एका अंगाला जिबंवरची गाठ, वस्ताद तंबाखू! दुसऱ्या अंगाला दिनकर, वस्ताद डॉक्टर मॅडम! गाठीत सोनं सोडायचं आन् वरनं शेक द्यायचा, आसा डाव हाय. डाव नवा हाय मंडळी! लागंल का न्हाई, खुद्द वस्तादबी सांगत न्हाईत! तोंड सोलून निघंल. गिळायचं वांदं हुतील. सोन्यानं काय इपरीत झालं, तर त्येबी माझ्याच अंगावर. मदीच मैदान सोडायची मुभा हाय, कोन बोल लावनार न्हाई. समदं समजलंय. आन् मी माझ्या राजीखुशीनं शड्डू ठोकतोय!"

आणि खरंच मांडीवर शड्डू ठोकला!

दाराशी टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली, खोटं कशाला बोलू.

मग साक्षीदार म्हणून हौसाक्काला कॅमेऱ्यासमोर बसवलं. तिनं पदर सारखा केला. सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"राजीखुशी त्येंची हाय. माजी न्हाई. पर सही करते."

टाळ्या वाजवणारे हात तिथल्या तिथं खाली आले.

ट्रायलवर देखरेख करणारी एक कमिटी असते, तिच्याकडं ते रेकॉर्डिंग गेलं. काही दिवसांनी उत्तर आलं. संमती ग्राह्य आहे, मात्र मध्येच ऐकू येणाऱ्या टाळ्या कुणाच्या, याचा खुलासा करावा! चौगुले सरांनी संध्याकाळभर बसून खुलासा लिहिला. एकच ओळ. "सदर टाळ्या उत्स्फूर्त होत्या."

* * *

इंजेक्शनच्या दिवशी सिरिंज ट्रेमध्ये आली आणि हौसाक्का ताडकन उभी राहिली.

"ह्ये काय?"

"सोनं," मी म्हणाले.

"ह्ये सोनं? ह्ये तर डाळिंबाचा रस दिसतोय!"

तिचं काही चुकलं नव्हतं. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं दिसत नाही, तांबडं दिसतं. सरांनी हे समजावलं. हौसाक्कानं शांतपणे ऐकून घेतलं आणि भावाला फोन लावला.

आता तिचा भाऊ कोण, तर तानाजी. विटा-खानापूरकडच्या निम्म्या घरांतला एक तरी माणूस गलाईच्या धंद्यात असतो. देशभर जिथं सराफी पेठ, तिथं ही आपली माणसं सोनं आटवत बसलेली. तानाजीचा गाळा कोइमतूरला. फोन आल्यावर गडी मिळेल त्या गाडीनं निघाला. मॅडमनी इंजेक्शन पुढं ढकललं, कारण घरच्यांच्या मनात शंका ठेवून सुई लावायची नाही, हा त्यांचा नियम.

तानाजी आला. हातपाय धुतले, औषधाची बाटली मागितली. ट्यूबलाईटसमोर धरून बराच वेळ बघितली. जन्म सोन्यात गेलेला माणूस, पण सोन्याला तांबडं झालेलं त्यानंही पाहिलं नव्हतं.

"टंच किती?" त्यानं विचारलं. म्हणजे शुद्धता किती.

"शुद्ध आहे," सर म्हणाले.

"शुद्ध आसं काय नसतंय सर. आकडा सांगा."

मग चौगुले सरांनी खरंच, ज्यांनी ते औषध पाठवलं होतं त्यांना फोन लावला! पलीकडचा माणूस इंग्रजीत विचारत होता, पेशंटला काही त्रास झालाय का? सर म्हणाले, पेशंटला नाही, मेव्हण्याला झालाय. आकडा दुपारी मेलवर आला. तानाजीनं तो दोनदा वाचला.

"चालंल. दाजींना चालंल."

मग तो बापूंच्या खाटेवर बसला आणि एवढं बारीक बोलला, की मला ते चुकूनच ऐकू आलं. "दाजी, लोकांचं सोनं लय आटिवलं. मानसात घालताना पैल्यांदाच बगतोय. भ्या वाटतंय का?"

बापूंनी त्याचा हात दाबला. मग मॅडमनी सुई घेतली.

* * *

शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार साचा बसवतात आणि टेबलाला आवळतात. तोंडात जीभ दाबायला एक तुकडा. म्हणजे बोलणं बंद. खोलीचं जाड दार लागतं आणि आत पेशंट एकटा. मला तो कॅमेऱ्यात दिसतो, मी माईकवर बोललेलं त्याला ऐकू जातं. काही वाटलं तर त्यानं हात वर करायचा, मी मशीन थांबवते.

पहिल्या दिवशी बापूंच्या छातीचा भाता नुसता वरखाली होत होता. मैदानात हजारो माणसांपुढं न घाबरलेला माणूस त्या साच्यात घाबरला. बाहेर आल्यावर म्हणाले, "लय शांत हाय गं आत. कोनतरी बोलत ऱ्हायला पायजे. तू बोल."

"काय बोलू?"

"जे दिसतंय त्ये. निवेदन कर."

मी मेढ्याची. आमच्याकडं डोंगर आहेत, भात आहे. कुस्तीतलं मला चितपट सोडून काही माहीत नाही. तरी दुसऱ्या दिवशी माईकवर सुरू झाले. "मशीन डावीकडनं निघालंय... मशीन खाली चाललंय... बापू जागेवर घट्ट आहेत... मशीन वर आलं..."

बाहेर आल्यावर बापूंनी कपाळाला हात लावला. "आगं, बसची घोषणा करतीयास का काय!"

मग बाकावर माझी शिकवणी सुरू झाली. कधी आवाज चढवायचा, कधी गप्प बसायचं. ते म्हणायचे, "निवेदकानं निस्ती कुस्ती बघायची नसती. फडातली मानसं बघायची. त्यांचा श्वास कवा आडकतो त्ये कळलं पायजे." मशीन चालवताना पेशंटकडं कसं बघायचं हे मी त्यांच्याकडून शिकले म्हटलं तरी चालेल. मलाही रंग चढला. मी धडाधड ठोकायला लागले.

एक दिवस ऐन मशीन चालू असताना बापूंनी हात वर केला. मशीन बंद केलं, धावत आत गेले, साचा सोडवला, तोंडातला तुकडा काढला.

"काय होतंय बापू? श्वास अडकला का?"

बापूंनी ओठ ओले केले.

"मशीननं पट काढला म्हनलीस. पट काढाया समोरच्याचं पाय धरावं लागत्यात. मशीनला हात कुटं हायीत?"

* * *

चौथ्या आठवड्यात हसणं संपलं.

तोंड आतून सोलवटून निघालं. लाळ गिळता येईना. नाकातून नळी घातली. हौसाक्का त्या नळीतून पातळ पेज, ताक, डाळीचं पाणी घालायची. बापूंचं बोलणं पूर्ण बंद झालं. बाकावर बसून बोटांनी लाकडावर हलगीचा ठेका धरायचे, मग तेही थांबलं.

मला तेव्हा राग यायचा. कुणावर यायचा ते सांगता येत नाही. सोन्यामुळे जास्त त्रास होतोय का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "एवढा त्रास नुसत्या शेकानंही होतो. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही." त्या दिवशी मला त्यांच्या सावधपणाचाही राग आला.

हौसाक्का आमच्याशी बोलायची बंद झाली होती. एकदा नळी धुताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "जीब ठिवली. पर बोलतंय कोन?"



एका सकाळी बापू बाकावरून उठेचनात. नाव पुकारलं, उठले नाहीत. मी जवळ गेले तर त्यांनी मान हलवली, दोन्ही हात जोडले आणि दाराकडं बोट केलं. घरी जायचं.

मॅडम आल्या, समजावलं. सर आले. बापूंची मान हलतच राहिली. तसा त्यांना हक्क होता, कधीही सोडता येतं, तसं आम्हीच सांगितलेलं. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही जबरदस्ती करणार नाही."

तेव्हा हौसाक्का त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. जिला पहिल्या दिवसापासून हे नको होतं, ती.

"उटा."

बापूंनी वर बघितलं.

"कोन बोल लावनार न्हाई म्हनला हुता न्हवं? डॉक्टर न्हाई लावायच्या. मी लावीन. रोज लावीन. मला ह्ये नगं हुतं, तवा माजं ऐकलं न्हाईसा. आता अर्ध्यात आनून सोडता व्हय? उटा म्हनते!"

पाचगणीच्या बाई पदरात तोंड लपवून रडत होत्या.

बापू उठले. हौसाक्कानं त्यांना दारापर्यंत धरून आणलं, माझ्या हातात त्यांचा हात दिला आणि म्हणाली, "शिस्टर, आज जरा मोट्यानं बोल माईकवर. भायेर मलाबी आयकू येऊ दी."

* * *

सगळे शेक पुरे झाल्यावर काही महिन्यांनी मॅडमनी बापूंच्या तोंडात आरसा घालून बघितलं. मग बोट घालून चाचपलं. मग पुन्हा आरसा. गाठीच्या जागी नुसता एक पांढुरका वण. त्या जागेचा बारीक तुकडा तपासायला पाठवला, तोही स्वच्छ आला.

मी सरांना म्हणाले, "सोन्यानं काम केलं!"

सर म्हणाले, "एका माणसावरून सांगता येत नाही." आणि ते बरोबर होतं. त्याच ट्रायलमध्ये मिरजेचे एक मास्तर होते, त्यांच्या गाठीला सोन्यानं काही म्हणजे काही झालं नाही. त्यांच्याबद्दल सांगायला माझ्याकडं किस्सा नाही. ते रोज वेळेवर यायचे, मला "नमस्कार" म्हणायचे आणि मग यायचे बंद झाले.

बापूंनी गावच्या जत्रेच्या मैदानाला आम्हाला बोलावलं. मॅडमना सवड नव्हती, मी आणि चौगुले सर गेलो. सरांना फेटा बांधला. सर फेट्यात असे दिसत होते, की मी मोबाईल काढला आणि त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मोबाईल आत ठेवला.

निवेदन बापूंच्या शिकाऊ निवेदकाकडं होतं. शेवटच्या कुस्तीला त्यानं माईक बापूंच्या हातात दिला. मैदान शांत झालं.

आवाज जड झाला होता. जीभ होती, पण पहिल्यासारखी वळत नव्हती, आणि तोंडाला कोरड. शेकानं लाळ आटते, ती पुरती परत येत नाही. बापूंनी पहिल्या पैलवानाचं नाव पुकारलं, ते निम्मं घशातच राहिलं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. बापू थांबले.

तेवढ्यात मातीत उभ्या असलेल्या त्या पैलवानानं हात वर करून मैदानाला सलामी दिली. म्हणजे नाव बरोबर पोचलं होतं!

पुढं सगळी कुस्ती बापूंनी सांगितली. मधे मधे पाण्याचा घोट, मग पुन्हा सुरू. शेवटी आमच्याकडं वळून म्हणाले, "ह्या फेटेवाल्या गड्यानं जन्मात कवा लंगोट चढिवला नसंल. पर ह्येनं माझी कुस्ती लावली!" सगळं मैदान सरांच्या दंडाकडं बघायला लागलं. सरांनी लाजून शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या.

बायका शाळेच्या गच्चीवर बसल्या होत्या. मी वर गेले. हौसाक्का कठड्याला धरून उभी होती. मी विचारलं, "कसं वाटतंय?"

ती म्हणाली, "पानी प्या म्हनावं त्येस्नी कुनीतरी. लय वेळ झाला."

* * *

त्यानंतरच्या दिवाळीच्या सुमाराला बापूंना खोकला लागला. तोंड स्वच्छ होतं, शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. कॅन्सर छातीत उतरला होता.

हौसाक्कानं मॅडमना एकदाच विचारलं, "तवा आपरेशन केलं आसतं तर?"

मॅडम म्हणाल्या, "सांगता येत नाही हो. खरंच सांगता येत नाही."

ती "बरं" म्हणाली. त्या 'बरं'चा अर्थ मला कळला नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही.

बापू गेले, ते घरीच. तानाजीचा फोन आला तेव्हा मी रजा टाकून निघाले. पोचले तेव्हा त्यांना अंघोळ घालून पुढच्या सोप्यात ठेवलं होतं. बाहेर अंगणात पैलवान मंडळी खाली माना घालून उभी. हौसाक्का उशाशी बसली होती. रडत नव्हती. मला बघून तिनं शेजारी जागा करून दिली.

बापूंची थोरली चुलती, खूप म्हातारी, वाटीत गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान घेऊन आली. पाण्याचे थेंब तोंडात सोडले, पान ठेवलं. मग कमरेच्या पिशवीतून चाचपत चाचपत एक सोन्याचा मणी काढला. आपल्याकडं शेवटच्या वाटेला लावताना माणसाच्या तोंडात सोनं ठेवतात, ती रीत.

म्हातारी वाकली तशी हौसाक्कानं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई."

"आगं, रीत हाय. मोकळ्या तोंडानं लावायचं का त्येला?"

"मोकळं न्हाई. त्येंच्या जिबंत सोनं हाय."

म्हातारी थबकली. दारातला तानाजी पुढं आला आणि तिथंच थांबला. सोप्यातली सगळी माणसं हौसाक्काकडं बघायला लागली. शोकानं बाईचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं असणार.

"खरं न्हाई वाटत? ह्या शिस्टरला इचारा. ती हुती तवा."

म्हातारीनं माझ्याकडं मान वळवली. डोळ्यांनी तिला धड दिसत नसावं, ती अगदी जवळ आली.

"व्हय गं बाई?"

मी म्हणाले, "व्हय."

म्हातारीनं मणी परत पिशवीत ठेवला. हौसाक्कानं आपल्या हातानं बापूंचं तोंड मिटवलं.